हळदीचं बोट

१

दारीच्या रांगोळीला हळदीचं एक बोट,
शेजीबाई वाचते गं, न बोलता माझे ओठ.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला अठरावं लागलं होतं. नर्सिंगच्या कोर्ससाठी मी घरांच्या या ओळीत, मावशीच्या खोलीत राहायला आले होते. पहाटे ओळीच्या टोकाच्या दारातून तो यायचा. घोगरा, शेवटचं अक्षर जरा धरून ठेवणारा, भरलेला पोहरा विहिरीतून वर यावा तसा दमादमानं वर येणारा. झुंबरबाई सडा घालता घालता गायच्या. ओवीतलं हळदीचं बोट खरंच होतं. रांगोळी पुरी झाली की तिच्या मधोमध चिमूटभर हळद. नवरा गेला तेव्हा कुणीतरी म्हणालं, आता हळद कशाला? झुंबरबाई म्हणाल्या, "हळद काय नवऱ्यानं आणली व्हती? ती मातीतून येती. माती जिती हाय ना अजून?"

तो आवाज पहिल्यांदा ऐकल्याला सव्वीस वर्षं झाली होती. १९८४ च्या जानेवारीत, एका बुधवारी अकराच्या सुमाराला मी त्याच दारात उभी राहून हाक मारली.

"झुंबरबाई, गोळ्या आणल्यात."

ओ आली नाही.

दारात रांगोळी होती. ताजी, पांढरीशुभ्र, कमळाची. ती ओलांडून मी दार लोटलं. आतून कडी नव्हती.

स्टोव्हपाशी झुंबरबाई कुशीवर पडल्या होत्या. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, एक हात दाराकडे. खाटेवरची गोधडी त्यांनी कशीबशी ओढून अर्ध्या अंगावर घेतली होती. शेजारी तांब्या आडवा, रिकामा. टोपल्यातल्या दोन भाकरी वाळून कडक झालेल्या. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, त्यावर सोमवार होता. उठल्यावर आधी पान फाडायचं, मग पाण्याचा घोट घ्यायचा, ही त्यांची रीत साऱ्या ओळीला ठाऊक.

डॉक्टर आले. त्यांनी गोधडी परत नीट पांघरली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खुब्याचं हाड मोडलंय. सोमवारी संध्याकाळी पडल्या असाव्यात. जीव मात्र लगेच गेला नाही, सिस्टर. काल दुपारपर्यंत तरी होत्या."

म्हणजे एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. जिथं फोडणी करपली तरी चौथ्या घरातून विचारणा येते, त्या ओळीत एक बाई एवढा वेळ दाराकडे हात करून पडली होती.

"असं कसं होईल?" दारातून तीन नंबरच्या मंगलाबाईंचा आवाज आला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "काल सकाळी रांगोळी होती. आज पण होती. मी मोजली ना! मी स्वतः मोजली!"

२

ही ओळ म्हणजे गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला, एकाला एक लागून असलेली बारा घरं. कौलांचा एक कारखाना होता, त्यानं कामगारांसाठी बांधली. कारखाना बंद पडला, पोरं भोसरीला, ठाण्याला, ओझरला गेली, आणि ओळीत राहिले ते म्हातारे. राहिले म्हणजे टाकलेले नव्हेत. त्यांना तिथंच राहायचं होतं. सुईण कुठल्या दारात किती वेळा आली आणि तिरडी कुठल्या दारातून किती वेळा निघाली, ते तोंडपाठ असलेली माणसं. त्यांना भोसरीच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवलं तर ती फक्त खिडकीतून खाली बघतात. मी पाहिलंय.

सहा वर्षांपूर्वी पाचव्या खोलीतला गेणूबाबा झोपेत गेला आणि दोन दिवसांनी कळलं. त्या दिवशी बायकांनी ठरवलं: उजाडायच्या आत प्रत्येक दारात सडा-रांगोळी पडलीच पाहिजे. सात वाजता मंगलाबाई एक ते बारा चक्कर मारणार. ज्या दारात रांगोळी नाही, ते दार ठोठवायचं. एकटे पुरुष दारात तांब्या पालथा घालायचे. दहा नंबरच्या सुलाबाईंच्या दारात रांगोळी नसायची. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्यांनी ती सोडली. माझ्या आईनंही सोडली होती. सुलाबाई खिडकी उघडून तिच्यात निळं फडकं अडकवायच्या.

सहा वर्षांत ही राखण एकदाही चुकली नव्हती. चार जणांचे जीव तिनं वाचवले, त्यातले दोन तर माझ्या डोळ्यांदेखत.

आणि आता मालकाचा माणूस रंगनाथ झुंबरबाईंच्या अंगणात उभा राहून, प्रेत अजून आत असताना, म्हणत होता, "बघितलंत, नर्सबाई? मी ओरडत होतो तेव्हा वाईट होतो. म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्यांची राखण करायची! हवालदारीणबाई, काय उपयोग झाला तुमच्या मोजणीचा?"

मंगलाबाईंनी एरवी त्याला उभा चिरला असता. आज त्या तोंडाला पदर लावून मागे सरकल्या.

"रविवारी सगळ्यांच्या मुलांना बोलावलंय," रंगनाथ म्हणाला. "कागद तयार आहे. प्रत्येकानं आपापलं माणूस घेऊन जायचं आणि खोली सोडल्याची सही करायची. माणुसकी म्हणून सांगतोय."

माणुसकी! अकरा नंबरची खोली गेल्या वर्षी रिकामी झाली, तिला मालकाचं कुलूप होतं. झुंबरबाईंनी त्या रात्री भिंत वाजवली असेल, तर ती या कुलपालाच ऐकू गेली असेल. पण त्या कुलपाबद्दल मालकाला कुणी विचारत नव्हतं.

हवालदारानं 'पडून मृत्यू' लिहिलं आणि निघाला. मी त्याला थांबवलं. "पडल्यावर दोन दिवस दारात रांगोळी आली, ती कोणी काढली?"

"बाई, रांगोळी काढणं काय गुन्हा आहे?"

"ती नसती तर मंगलाबाईंनी काल सातलाच दार उघडलं असतं. तेव्हा झुंबरबाई जिवंत होत्या."

त्यानं मानेनं हो म्हटलं आणि सायकलला टांग मारली.

मी वाकून रांगोळी बघितली. आणि मग अंगणाच्या कोपऱ्यातली पाटी उचलून तिच्यावर पालथी घातली, कुणाचा पाय पडू नये म्हणून.

ती रांगोळी उलटी होती. आणि तिच्यापुढे, रस्त्याच्या बाजूला, सारवलेल्या ओल्या जमिनीत दोन गोल खळगे होते. गुडघ्यांचे.

३

उलटी कशी, ते सांगते. झुंबरबाईंचा गुडघा गेली दहा वर्षं वाकत नव्हता. त्या उंबऱ्यावर बसून, पाय समोर लांब सोडून, हात पोचेल तिथं कमळ काढायच्या. त्यामुळे देठ घराकडे आणि पाकळ्या रस्त्याकडे. ओळीतली पोरं हसायची, झुंबरआजीचं कमळ बुडालं! त्या म्हणायच्या, "घरातून बाहेर जाणाऱ्याला सुलटं दिसतं ना? मग झालं."

बुधवारचं कमळ मला रस्त्यावरून येताना सुलटं दिसलं होतं. देठ रस्त्याकडे. ते काढणारी व्यक्ती बाहेर, गुडघ्यांवर बसली होती. आणि त्या खळग्यांत एक नक्षी उमटली होती. जाड, आडवी-उभी, विणीसारखी.

गुरुवारी सकाळी झुंबरबाईंना पोचवून आल्यावर मी त्यांच्या मुलाला गाठलं. निवृत्ती भोसरीला कारखान्यात. डोळे सुजलेले. पायरीवर बसून नख कुरतडत होता.

"सोमवारी तू आला होतास."

"चारच्या एसटीनं परत गेलो. डबल ड्यूटी होती."

"भांडण झालं?"

"भांडण कसलं. म्हटलं, आई, चल." त्यानं डोळे पुसले. "ती म्हणाली, मी ठणठणीत आहे. मंगलाबाईला विचार, माझी रांगोळी एक दिवस चुकलीय का? मी काय बोलणार त्याच्यावर?"

"एवढंच बोललास?"

"एवढंच," तो म्हणाला, आणि पुन्हा नख कुरतडायला लागला. मला ते 'एवढंच' पटलं नाही.

रंगनाथला मी त्याच्या कचेरीत जाऊन विचारलं. कचेरी म्हणजे मालकाच्या नव्या बंगल्याच्या गॅरेजमधलं टेबल. भिंतीला ओळीच्या जागेवर उठणाऱ्या इमारतीचा रंगीत नकाशा होता. त्यात झाडं होती, मोटारी होत्या, आणि एक कुत्रा होता. म्हातारं माणूस एकही नव्हतं.

"मंगळवारी पहाटे तुम्ही ओळीत होतात. दूधवाला सांगतो."

"होतो ना. दर आठवड्याला जातो." त्यानं वही उघडून माझ्यापुढे सरकवली. लपवण्यासारखं काही नाही, अशा ऐटीत. वहीत बारा आकडे, पुढे शेरे. चार: काठी. सहा: ऐकू येत नाही. आठ: दोनदा पडली. "जो एकटा राहू शकत नाही, त्यानं खोली सोडावी. पडलं की पोरांना पत्र टाकतो. त्यांच्याच भल्याचं आहे."

असा कायदा नव्हता. पण रंगनाथच्या तोंडून तो कायद्यासारखाच निघायचा, आणि ओळीतल्या कुणीही कायदा वाचला नव्हता.

बारा नंबरपुढे शेरा होता: ठणठणीत. रांगोळी रोज.

माणसं घसरायची वाट बघत कुणी दर आठवड्याला फेरी मारतं! पण त्या वहीनंच त्याला सोडवलं. झुंबरबाई पडल्याचं रंगनाथला मंगळवारी कळलं असतं, तर त्यानं झाकलं नसतं. ढोल वाजवला असता. तो याच एका बातमीसाठी चार वर्षं फिरत होता.

मग झाकणारा कोण? आणि कशासाठी?

४

शुक्रवारी मी निवृत्तीकडून किल्ली घेऊन खोलीत गेले. रांगोळीची करवंटी फळीवर होती, माझ्यासुद्धा हाताला जेमतेम येईल इतकी उंच. मी ती खाली घेतली. आतली पूड ओल धरून दगडासारखी झाली होती. वर कोळ्याच्या अंड्यांचं पांढरं घर.

मी करवंटी पालथी करून ठोकली, एक कणही पडला नाही.

ही पूड पावसाळ्यापासून कुणी हातात घेतली नव्हती. म्हणजे परकी रांगोळी काही दोन दिवसांची नव्हती. चार महिने झुंबरबाईंच्या दारात दुसरंच कुणीतरी रांगोळी काढत होतं.

चार महिने दर बुधवारी मी इथं येत होते. झुंबरबाई खाटेवर बसून माझ्याशी बोलायच्या. "गुडघा कसाय?" "झकास." मी गोळ्या ठेवायचे, आणि निघायचे. त्यांना उठून दाखवा म्हणायचं, की दारातली रांगोळी निरखायचं, मला एकदाही सुचलं नाही. रंगनाथवर दात खाता खाता मला माझाही राग आला.

ओळीच्या तोंडाशी बारकूबाबा ऊन खात बसलेले असतात. पूर्वी टांगा हाकायचे. आता पाय सुजून खांब झालेत, पण नजर अजून घारीची.

"बाबा, झुंबरबाईंची रांगोळी आठवते?"

"न आठवायला काय झालं? कमळ. मधी पिवळं."

"पिवळं शेवटचं कधी बघितलं?"

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "पोळ्यापासून नाय बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून निस्तं पांढरं. आन कमळ पन बदललं, त्वांड फिरवलं त्यानं."

"अहो, मग बोलला नाहीत?"

"इचारलं कुनी? म्या म्हनलं हळद म्हाग झाली आसंल." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आन मंगलाबाई रोज म्होरं जाऊन बघती की. मला हितून दिसतंय, तिला तिथून दिसंना व्हय?"

खरंच. तिला कसं दिसलं नाही?

मी सरळ तीन नंबरला गेले. मंगलाबाई दारात उन्हात बसून तांदूळ निवडत होत्या. मी सुट्टी काढली होती, अंगावर नेहमीच्या पांढऱ्या साडीऐवजी निळी साडी होती.

"कोण ते?"

"मी, लता."

"नर्सबाई होय! उन्हात डोळे दिपतात मेले. बस." ताटातला एकेक दाणा त्या बोटांनी चाचपून बाजूला सारत होत्या, माझ्याकडे मान वर करून बोलता बोलता. चहा चांगला केला होता. मी तो घेतला आणि मग विचारलं.

"चार महिने झुंबरबाईंच्या रांगोळीत हळद नव्हती. तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांचा हात ताटात थांबला.

"मी मोजायला जाते. नक्षी वाचायला नाही."

"मंगलाबाई, ओळीत कुणाच्या पदराला नवीन ठिगळ लागलं ते तुम्ही सांगता."

"सांगत होते. आता वय झालं!" त्या एकदम कडाडल्या. "तू पण रंगनाथसारखीच आलीस का वही घेऊन? ऊठ. ऊठ म्हणते ना!"

मंगलाबाईंनी मला दारातून उठवलं, असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. आणि राग आलेल्या माणसाचा आवाज असा थरथरत नाही. तो भ्यालेल्याचा थरथरतो.

पाय ओढत मी दहा नंबरशी आले. सुलाबाई ओळीत सगळ्यांत लहान, बासष्टीच्या. एका खासगी शाळेत शिपाईण होत्या. तीस वर्षं फरश्या पुसून निवृत्त झालेल्या. झुंबरबाईंची आणि त्यांची दुपार एकत्र जायची. गेले तीन दिवस त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या.

"बसा. थांबा, फरशी गार आहे." त्यांनी कोपऱ्यातून एक घडी काढून माझ्याखाली सरकवली.

"सुलाबाई, ती रांगोळी..."

"मला काय विचारता, बाई? आमच्यात नसते ती. तुम्हाला माहीतच आहे." त्या खिडकीतल्या निळ्या फडक्याकडे बघत राहिल्या.

मला माहीत होतं. म्हणून मी पुढे विचारलं नाही. उठले, आधारासाठी हात खाली टेकला, आणि तळव्याला ती घडी खरखरीत लागली.

गोणपाट होतं. चार पदरी. कडेला पांढरी पूड.

५

रविवारी दहा वाजता ओळीपुढच्या मोकळ्या जागेत सतरंज्या पडल्या. मुलं आली होती. काही सुना, एक जावई. म्हातारे भिंतीला टेकून बसले होते, परीक्षेत नापास झालेल्या पोरांसारखे. रंगनाथनं टेबल मांडून त्यावर कागद ठेवला आणि वर दगड.

"झुंबरबाईंचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे," त्यानं सुरुवात केली.

"ठाऊक नाही," मी म्हणाले. "मी सांगते."

झुंबरबाईंच्या दारातल्या रांगोळीवरची पाटी मी सगळ्यांपुढे उचलली. देठ कुठल्या बाजूला होतं ते सांगितलं, करवंटीतला दगड सगळ्यांपुढून फिरवला. बारकूबाबांना पोळ्याचं विचारलं, त्यांनी साक्ष दिली.

"चार महिने रोज पहाटे झुंबरबाईंच्या दारात दुसरं कुणी बसत होतं. ते काम भोसरीहून होत नाही, म्हणून निवृत्ती नाही. रंगनाथ नाहीत, कारण त्यांना ही म्हातारी पडलेली हवी होती, झाकलेली नको होती."

"नर्सबाई, तोंड सांभाळून!"

"वही दाखवू का सगळ्यांना? आणली आहेत ना तुम्ही." रंगनाथनं वही मांडीखाली घेतली. "म्हणजे उरली ओळ. ओळीतल्या ज्या बायका रांगोळी काढतात, त्यांचा हात मधोमध हळद-कुंकवाचं बोट टेकल्याशिवाय उठत नाही. ते त्या आठवून करत नाहीत, बोटच करतं. झुंबरबाईंच्या दारातली रांगोळी चार महिने कोरी राहिली. काढणारीच्या बोटाला ती सवयच नव्हती. आणि तिच्या गुडघ्यांना दुसरी एक सवय होती. जमिनीवर बसायचं तर आधी गोणपाटाची घडी घ्यायची. फरशा पुसणाऱ्या बाईची सवय."

कुणाकडेही न बघता मी थांबले. नाव घ्यायची माझी हिंमत नव्हती.

सुलाबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"मीच," त्या म्हणाल्या. "पोळ्याच्या रात्री ती मोरीत पडली. मी उचलली. मला म्हणाली, सुले, कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. रांगोळी चुकली की मंगला दार वाजवणार, मंगलाला कळलं की रंगनाथला कळणार, आणि पोरगा घेऊन जाणार. मला कमळ काढता येतं, लहानपणी आईनं शिकवलं होतं. तिच्यासाठी हातात परत पूड घेतली. तिच्या दारात घेतली, माझ्या नाही." पदर त्यांनी मुठीत आवळला. "सोमवारी हा येऊन गेला, त्यानंतर मी तिला म्हटलं, झुंबरे, आता सांगून टाक, मला भीती वाटते. ती चिडली. म्हणाली, येऊ नको माझ्या दारात. मीही चिडून आले. पण पहाटे राहवेना. रांगोळी काढली. आत चाहूल नव्हती. मला वाटलं, अजून रुसलीय. बुधवारी पण काढली. मी पण हाक मारली नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दाराला हात लागेल इतक्या जवळ बसले होते मी, बाई. दोन्ही दिवस."

कुणीतरी हुंदका दिला. रंगनाथनं मात्र दगड उचलून कागद पुढे केला.

"ऐकलंत? यांच्याच तोंडून ऐकलंत! हे असं लपवतात. उद्या आणखी कुणी..."

"कोणामुळे लपवतात?" मी ओरडलेच. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्या बाईनं मोडकं अंग चार महिने चोरासारखं लपवलं! पडणं हा गुन्हा केला कोणी? गुडघा गेला तर काठी देतात, रंगनाथ. तुम्ही शेरा दिलात. निवृत्ती, सोमवारी तू आईला काय म्हणालास? एवढंच नाही, सगळं सांग."

"म्हटलं, एकदा जरी पडलीस असं कानावर आलं, तर त्याच दिवशी कुलूप लावून नेईन," तो पुटपुटला. "तिच्या भल्यासाठी म्हटलं."

भिंतीपासून बारकूबाबांचा आवाज आला. "रंगनाथ, वही काढ. लिही. बारकू, पाय ग्येले, दोनदा खाटंवरून पडला. आन म्होरं लिही, बारकू जात नाय."

"माझं पण लिहा," आठ नंबरच्या कुसाबाई म्हणाल्या. "दोनदा नाही, चारदा पडले. आणि मी पण जात नाही."

बारकूबाबांच्या सुनेनं रागानं त्यांच्याकडे बघितलं, मग का कोण जाणे, खाली बसून त्यांचे सुजलेले पाय मांडीवर घेतले. एकानं सांगितलं, रात्री लघवीला उठवत नाही. दुसरी म्हणाली, स्टोव्ह पेटवताना हात कापतो. इतकी वर्षं शेजारी राहून ही माणसं एकमेकांपासून केवढं काय काय लपवत होती! रंगनाथच्या वहीत जागा पुरली नसती. पण त्याचं पेन टोपणातच होतं, आणि कागदाकडे कुठल्याच मुलाचा हात गेला नाही. निवृत्तीनं तर तो घडी करून रंगनाथच्या हातात परत दिला.

मंगलाबाई सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या. सुलाबाई भिंत सोडून त्यांच्यापुढे गेल्या आणि पायाशी बसल्या. "मंगले, तुझ्या राखणीला मी बट्टा लावला. सगळे तुला बोलले, आणि मी गप्प बसले."

मंगलाबाईंनी हात पुढे केला. तो सुलाबाईंच्या खांद्याला लागायला हवा होता, तो हवेतच फिरला. मग गालाला लागला, तिथून कपाळाला. त्यांची बोटं तो चेहरा तांदळासारखा चाचपत राहिली, आणि शुक्रवारचं ते ताट माझ्या डोळ्यांपुढे आलं. कोण ते, असं विचारणाऱ्या मंगलाबाई. ऊठ म्हणताना थरथरलेला आवाज.

"तू नाही गं," त्या म्हणाल्या. "हळद असती तरी मला दिसली नसती. दोन दिवाळ्या झाल्या, मला रांगोळीच दिसत नाही. खाली काही पांढरं आहे एवढं कळायचं, की मी बोट मोडायची. भीतीनं बोलले नाही. माझ्यापुढे पण शेरा पडला असता." त्यांनी ओळीकडे तोंड केलं, जिथं ओळ असायला हवी तिथं. "उद्यापासून मी बघणार नाही. एकेका दारात उभी राहून नावानं हाक मारीन. पडला असाल तरी ओ द्या."